हातांतील काठी

(शास्त्रपाठ : निर्गम, अध्याय २ ते ५)



आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक वाक्य वारंवार कानीं पडतें. कोणास प्रार्थना चालवावयास सांगा, शब्बाथशाळेचा एक वर्ग घ्यावयास सांगा, अथवा चावडीवर जाऊन मंडळीच्या वतीनें दोन शब्द बोलावयास सांगा, उत्तर जणूं ठरलेलेंच असतें : "आमच्याच्यानें तें कसलें होतें? आम्ही पडलों अडाणी माणसें." हें वाक्य इतक्या लीन मुद्रेनें उच्चारलें जातें कीं, ऐकणारास तें नम्रतेचें फळ वाटावें. परंतु तें खरोखर नम्रतेच्या झाडास लागलेलें फळ आहे, कीं दुसऱ्याच कोणत्या झाडाचें आहे, ह्याचा विचार आज आम्ही वाचकांच्या संगतीनें करूं इच्छितों.

ह्याच्या जोडीस दुसरेंहि एक मत आढळतें. कांहीं भाविक जन म्हणतात कीं, आत्मविश्वास हा शब्दच ख्रिस्ती मनुष्याच्या तोंडीं शोभत नाहीं. विश्वास ठेवावयाचा तो देवावर, स्वतःवर नव्हे. यिर्मयाच्या १७ व्या अध्यायांत मनुष्याच्या बळावर भिस्त ठेवणारास रानांतील खुरट्या झुडपाची उपमा दिली आहे, ती ते पुढें करितात. तर मग खरें काय? ज्यास आपल्या शक्तीचा मुळींच भरंवसा नाहीं तो चांगला ख्रिस्ती, कीं ज्यास तो आहे तो? शास्त्रांत ह्या प्रश्नाचा निवाडा एकाच मनुष्याच्या चरित्रांत सांपडतो, आणि तो मनुष्य मोशे होय.

प्रेषितांच्या कृत्यांच्या ७ व्या अध्यायांत स्तेफन मोशेच्या आयुष्याचे भाग पाडून सांगतो. पहिलीं ४० वर्षें मोशे मिसर देशांत राजकन्येचा पुत्र म्हणून वाढला. मिसरी लोकांची सर्व विद्या त्यास मिळाली. अंगांत बळ होतें, मनांत आपल्या बांधवांविषयीं कळकळ होती, आणि आपल्या हातून त्यांची सुटका व्हावयाची आहे अशी त्याची समजूतहि होती. एके दिवशीं एक मिसरी मनुष्य एका इब्र्यास मारीत असलेला त्यानें पाहिला. त्यानें इकडेतिकडे नजर टाकली, कोणी नाहींसें पाहून त्या मिसऱ्यास ठार केलें व वाळूंत पुरलें. दुसऱ्या दिवशीं दोन इब्री आपसांत भांडत होते. मोशे त्यांस समजावूं गेला, तेव्हां अपराध्यानें उलट त्यालाच त्याचा अधिकार विचारला, आणि कालची गोष्ट उघडी पडली. एवढ्यानेंच मोशेचें सारें अवसान गळालें. फारोच्या भयानें तो मिद्यान देशांत पळाला, आणि जो एक राष्ट्र सोडवावयास निघाला होता तो सासऱ्याचीं मेंढरें राखीत बसला.

ह्यास लोक आत्मविश्वास म्हणतात. परंतु जो भरंवसा एका टोमण्यानें ढांसळतो तो आवेश होय. त्याचा पाया मनगटांत होता. मनगट कमी पडलें तेव्हां टेकावयास दुसरें कांहींच उरलें नाहीं.

आणखी ४० वर्षें गेलीं. होरेब डोंगरापाशीं झुडूप पेटलेलें दिसलें, आणि देवानें मोशेस फारोकडे जावयाची आज्ञा केली. हा मनुष्य आतां ८० वर्षांचा होता, आणि पहिल्या टोंकावरून अगदीं दुसऱ्या टोंकास जाऊन पोहोंचला होता. त्यानें एकामागून एक पांच सबबी पुढें केल्या. पहिली, मी असा कोण लागून गेलों? दुसरी, लोकांनीं धाडणाराचें नांव विचारलें तर काय सांगूं? तिसरी, माझ्यावर कोणाचा विश्वास बसणार नाहीं. चौथी, माझी जीभ जड आहे. पांचवी, काम दुसऱ्या कोणावर तरी सोंपव. वाचकहो, ह्या पांचांपैकीं एखादी सबब आपल्या ओळखीची वाटते काय? आम्हांस तर पांचहि ओळखीच्या वाटतात, कारण त्या सर्व आम्हीं स्वतः कधीं ना कधीं सांगितल्या आहेत.

आतां देवाच्या उत्तरांकडे नीट लक्ष द्या. "तूं मोठा हुशार आहेस, भिऊं नको," अशी मोशेची स्तुति देवानें केली नाहीं. "होय, तूं कुचकामाचा आहेस," असेंहि म्हटलें नाहीं. पहिल्या सबबीस देवानें स्वतःच्या सोबतीचें वचन दिलें. दुसरीस आपलें नांव सांगितलें. तिसरीस मोशेच्या हातांत काय आहे तें विचारलें. चौथीस, तोंड कोणीं घडविलें ह्याची आठवण दिली. येथवर देव शांतपणें बोलत राहिला. परंतु पांचव्या सबबीस देवाचा कोप भडकला, असें शास्त्र सांगतें. असें कां व्हावें? आम्हांस वाटतें कीं, पहिल्या चार वेळां मोशे आपली अडचण सांगत होता. पांचव्या वेळीं तो आज्ञाच परत करूं लागला. अडचण सांगणाराशीं देव बोलत बसतो. देणगी नाकारणाराविषयीं मात्र त्याचें तोंड वेगळें होतें.

आणि ह्या नाकारण्याची किंमतहि द्यावी लागली. मोशेऐवजीं बोलावयास अहरोन मिळाला. अहरोन चांगला वक्ता होता. परंतु निर्गमाच्या ३२ व्या अध्यायांत लोकांचा गलका होतांच सोन्याचें वासरूं ओतून देणारा तोच अहरोन होय. तेव्हां, ज्यास चांगलें बोलतां येतें तोच कामास योग्य, ही समजूत वाचकांनीं मनांतून काढून टाकावी. शिवाय स्तेफन तर मोशे भाषणांतहि समर्थ होता असें सांगतो. ४० वर्षें मेंढरांच्या संगतींत घालविल्यावर जीभ जड वाटणें नवल नव्हे. परंतु देवाची देणगी गेलेली नव्हती. मोशेचा स्वतःविषयींचा हिशेबच चुकला होता.

तिसऱ्या उत्तराकडे पुन्हां वळूं. मोशेच्या हातांत काय होतें? मेंढपाळाची काठी. आपल्या मुलखांत धनगराच्या खांद्यावर असते तशीच ती असावी. तिनें मेंढरें वळवावयाचीं, बाभळीच्या शेंगा पाडावयाच्या, आणि थकल्यावर तिजवरच हनुवटी टेकून उभें राहावयाचें. देवानें त्यास तरवार दिली नाहीं, राजवाड्यांत सोडून आलेला मान परत दिला नाहीं. ती काठी भुईवर टाकावयास सांगितली. तिचा साप झाला, आणि मोशे पळाला. मग देवानें त्याचें शेंपूट धरावयास सांगितलें. साप शेंपटीस धरूं नये हें रानांत राहणारास शिकवावें लागत नाहीं. तरीहि मोशेनें हात पुढें केला. भीति गेल्यावर नव्हे, तर भीति मनांत असतांनाच केला. ह्यापुढें शास्त्र त्याच काठीस देवाची काठी म्हणतें. लांकूड तेंच, हातहि तोच. फक्त ती आतां देवाच्या कामास लागली होती. आमच्या मतें ख्रिस्ती मनुष्याचा आत्मविश्वास तो हाच : आपल्या हातांत जें आहे तें देवानें दिलेलें आहे, तें त्याच्या कामास पुरेसें आहे, आणि तें वापरावयाचें काम आपलें आहे, असा मनाचा निश्चय.

"आम्ही अडाणी" हें वाक्य आमच्या तोंडीं कोठून आलें, ह्याचाहि विचार करणें अवश्य आहे. आमच्या पुष्कळ वाचकांच्या वाडवडिलांस पिढ्यान्‌पिढ्या गांवकुसाबाहेर राहावें लागलें. विहिरीवर चढण्याची त्यांस बंदी होती, आणि शाळेचा उंबरा त्यांच्यासाठीं नव्हता. तुम्ही हलके, तुमच्याच्यानें कांहीं होणार नाहीं, असें त्यांस इतकें ऐकविण्यांत आलें कीं, अखेर तें ते आपल्याच तोंडानें म्हणूं लागले. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नाहींशी केल्याचें जाहीर केलें. परंतु मनांत रुतलेला कांटा कायद्याच्या कलमानें निघत नाहीं. तो ज्याचा त्यानें देवाच्या साहाय्यानें काढावयाचा असतो. ज्यास आम्ही नम्रता म्हणतों तें पुष्कळदां दुसऱ्यांनीं आमच्यावर लादलेलें ओझें असतें, आणि आम्ही तें पुण्य समजून वाहत असतों.

शास्त्रांत गिदोनानें आपल्या कुळाच्या दुबळेपणाकडे बोट दाखविलें, यिर्मयानें आपल्या लहान वयाकडे, मोशेनें आपल्या जिभेकडे. कूळ, वय आणि वाणी, ह्या तिन्ही सबबी जिला सांगतां आल्या असत्या अशी एक मुलगी महाराष्ट्रांत होऊन गेली. पुण्यांत जोतीराव फुले ह्यांच्या शाळेंत मुक्ता साळवे नांवाची मांग समाजांतील मुलगी शिकत होती. वयानें ती लहान होती, आणि तिच्या घरच्या वडील पिढ्यांस अक्षरें शिकण्याची मोकळीक नव्हती. तिनें महारमांगांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. आपल्या लोकांवर झालेले जुलूम, आणि आपल्या स्त्रियांस बाळंतपणांत छप्परहि नसल्यामुळें सोसावे लागणारे हाल, ह्यांविषयीं तिनें न भितां लिहिलें. तिच्या हातांत काय होतें? थोडक्या वर्षांचें शिक्षण, आणि डोळ्यांनीं पाहिलेलें दुःख. दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी तो निबंध आजहि वाचला जातो.

दुसरें उदाहरण लक्ष्मीबाई टिळक ह्यांचें. त्या शाळेंत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून. त्यांच्या कुळास जो मान होता तो आमच्या पुष्कळ बहिणींच्या वांट्यास आला नाहीं, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि विद्येच्या बाबतींत त्यांचे हात रिकामेच होते. १९१९ सालीं रेव्हरंड नारायण वामन टिळक निवर्तले, आणि त्यांचें 'ख्रिस्तायन' हें काव्य अपुरें राहिलें. पंडितांनीं हात घालण्यास कचरावें असें तें काम ह्या बाईंनीं अंगावर घेतलें व पुष्कळसें तडीस नेलें. १९३४ सालापासून त्यांचें 'स्मृतिचित्रें' हें आत्मचरित्र निघूं लागलें. त्यांत त्यांनीं विद्वानांची भाषा उसनी आणली नाहीं. चुलीपाशीं बसून बोलावें तसें त्या बोलल्या. ती घरची बोली हीच त्यांची काठी होती, आणि आज मराठींतील उत्तम आत्मचरित्रांत त्या पुस्तकाची गणना होते.

येथें आम्हांस स्वतःचा एक दोष कबूल केला पाहिजे. पावसाळ्याच्या दिवसांत एकदां आम्ही एका खेड्यांतील मंडळीस भेटावयास गेलों. ओढ्यास पाणी असल्यामुळें पोहोंचावयास दोन प्रहर झाले. पाहतों तों मंदिरास कुलूप, आणि मंडळी बाहेर लिंबाखालीं सकाळपासून बसलेली. मास्तर तापानें अंथरुणास खिळले होते. "मास्तर न्हाईत, मग उपासना कोन चालवनार?" असें सर्वांनीं एका सुरांत विचारलें. आम्हीं कुलूप उघडविलें, उपासना चालविली, उपदेश केला, आणि लोक आमच्या पायां पडेपर्यंत संतोष पावले. आम्हीहि संतोष पावलों. परंतु परत येतांना वाटेंत मन टोंचूं लागलें. त्या लिंबाखालीं सातवीपर्यंत शिकलेली एक सून बसली होती; सोसायटीचा हिशेब ठेवणारा एक गृहस्थ होता; आणि सारीं गीतें तोंडपाठ असलेली एक आजीबाई होती. ह्यांपैकीं कोणासहि आम्हीं कांहींच विचारलें नव्हतें. त्यांस वाट पाहत बसावयास कोणीं शिकविलें? आमच्यासारख्यांनींच.

पुढच्या महिन्यांत आम्ही मुद्दाम पुन्हां गेलों आणि म्हणालों, "आजी, आज उपदेश आम्ही करणार नाहीं. हरवलेल्या मेंढराची गोष्ट तुम्हीं सांगावयाची."

आजीबाई पदर तोंडाशीं नेऊन म्हणाल्या, "न्हाई वं पाळकसायेब, मला अडान्याला काय येतंय?"

"आजी, तुम्हीं शेरडें किती वर्षें राखलीं?"

"उभा जलम राखली."

"मग तेंच सांगा."

बाई उठल्या. आधीं कांहीं वेळ त्यांस शब्दच फुटेना. मग त्या सांगूं लागल्या : सांज झाली म्हणजे शेरडें कशीं मोजावयाचीं, एक कमी भरलें कीं पोटांत कसें धस्स होतें, कांट्यांत अडकलेलें करडूं हांकेस ओ देत नाहीं तर नुसतें धापा टाकतें, आणि त्याचा तो श्वास ऐकण्यासाठीं काळोखांत आपला श्वास धरून कसें उभें राहावें लागतें. "माजा परभूबी असाच हुबा ऱ्हायला असंल, माज्यासाठी," एवढें म्हणून त्या खालीं बसल्या. आम्हीं त्या गोष्टीवर अनेकदां उपदेश केला आहे. परंतु मेंढपाळ श्वास धरून उभा राहतो हें आम्हांस ठाऊक नव्हतें. त्या दिवशीं मंडळींत कोणीहि डुलकी घेतली नाहीं.

आतां कोणी म्हणेल, आजीबाईंस साधलें, परंतु आम्हीं पाऊल टाकलें आणि अपयश आलें तर? ह्याचेंहि उत्तर मोशेच्या चरित्रांत आहे. निर्गमाच्या ५ व्या अध्यायांत मोशे फारोपुढें उभा राहिला, आणि परिणाम काय झाला? लोकांस मिळणारा गवताचा भुसा बंद झाला, विटांची संख्या मात्र तेवढीच राहिली, मुकादमांस मार बसला, आणि सर्वांनीं मोशेस दोष दिला. पहिल्याच दिवशीं काम बिघडलें! ४० वर्षांपूर्वीं असाच दोष पदरीं आला तेव्हां मोशे मिद्यानास पळाला होता. ह्या वेळीं तो पळाला नाहीं. तो देवाकडे गेला, त्याच्यापुढें त्यानें आपली तक्रार मांडली, आणि पुन्हां फारोकडे जावयास निघाला. मनगटावरील भरंवसा आणि देवानें दिलेला भरंवसा ह्यांतील भेद यशाच्या दिवशीं ओळखूं येत नाहीं, कारण त्या दिवशीं दोन्ही सारखेच दिसतात. अपयशाच्या दिवशीं मनुष्य कोणीकडे धांवतो त्यावरून तो भेद कळतो.

गणनेच्या १२ व्या अध्यायांत मोशेस पृथ्वीवरील सर्व मनुष्यांहून नम्र म्हटलें आहे. हें म्हटलें केव्हां? झुडपापाशीं तो सबबी सांगत होता तेव्हां नव्हे. फारोपुढें उभा राहून, लोकांस समुद्रांतून पार नेऊन आल्यानंतर. तेव्हां मागें राहणारा तो नम्र, आणि पुढें होणारा तो गर्विष्ठ, हें आमचें माप शास्त्राचें माप नव्हे. गर्वाचें भय नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. ह्याच मोशेनें पुढें, गणनेच्या २० व्या अध्यायांत, खडकाशीं बोलावयाचें सोडून रागानें त्यावर दोनदां काठी मारली, आणि पाणी जणूं आपण व आपला भाऊ काढणार अशी भाषा केली. त्यापायीं वचनदत्त देश त्यास दुरूनच पाहावा लागला. हातांतील काठी आपली स्वतःची वाटूं लागली कीं असें होतें. म्हणूनच रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायांत पौल आपली किंमत वाजवीहून अधिक करूं नये असें बजावतो. परंतु त्याच दमांत, देवानें दिलेल्या विश्वासाच्या मापानें ती शुद्धीवर राहून करावी असेंहि सांगतो, आणि लगेच सेवा, शिक्षण, बोध, दान अशा देणग्यांची यादी देऊन प्रत्येकानें आपापली देणगी वापरावी असा आग्रह धरितो. जो आपली किंमत करीतच नाहीं, तोहि ही आज्ञा मोडतो.

ह्यास्तव आम्ही वाचकांस तीन गोष्टी सुचवितों. पहिली : रात्रीच्या प्रार्थनेंत आपल्या उणिवा आपण मोजतों, त्याबरोबर देवानें आपल्या हातांत दिलेली एक तरी गोष्ट नांव घेऊन मोजावी आणि तिच्याबद्दल उपकार मानावे, मग ती गोड गळा असो, चोख हिशेब असो, रोग्याजवळ जागण्याची चिकाटी असो, कीं शेतांतील राबणूक असो. दुसरी : आईबापांनीं, "तुझ्याच्यानें व्हायचें नाहीं," हें वाक्य लेंकरांपुढें उच्चारूं नये. आमच्या वाडवडिलांस परक्यांनीं जें ऐकविलें तें आम्हीं आपल्या मुलांस ऐकवावें, ह्याहून मोठा अन्याय कोणता? तिसरी गोष्ट आमच्या शिक्षकबंधूंसाठीं आहे. बंधूंनो, सर्व कामें स्वतःच करण्यांत मंडळीची सेवा होते असें समजूं नका. येत्या रविवारीं शास्त्रपाठ एका नव्या मनुष्याकडून वाचवून घ्या. तो अडखळेल, अडखळूं द्या. मंदिराची एक किल्ली दुसऱ्याच्या घरीं ठेवा. तुम्ही तापानें पडलां तर लिंबाखालीं कोणी वाट पाहत बसणार नाहीं, अशी मंडळी तुम्हीं घडविली म्हणजे तुमची चाकरी फळास आली.

देव आज कोणाच्या दारीं जळतें झुडूप दाखवील हें सांगतां येत नाहीं. परंतु हातांत काय आहे, हा प्रश्न तो प्रत्येकास विचारितो. त्या वेळीं रिकामी मूठ मिटून लपविण्याचा मोह आम्हांस न होवो. जी काठी आहे ती आम्ही त्याच्यापुढें टाकूं, आणि तो उचलावयास सांगेल तेव्हां भीतभीत कां होईना, पण हात पुढें करूं. तसें धैर्य प्रभु येशू ख्रिस्त आपणां सर्वांस देवो, हेंच आमचें त्याच्या चरणीं मागणें आहे. आमेन.